फटाके गाडी गेल्यावर

दिवे लागले, की माझा धाकटा भाऊ लवंगी माळेचा पुडा मांडीवर घेऊन क्वार्टरच्या पायरीवर बसायचा आणि दर दोन मिनिटांनी आत हाक मारायचा, "गेली का गं?" आई पणत्यांत तेल घालता घालता म्हणायची, "अजून सिग्नल पडला नाही रे." मग आम्ही दोघं सिग्नलच्या खांबाकडे डोळे लावून बसायचो. तांबडा दिवा हिरवा व्हायचा, लांबून इंजिनाचा उजेड यायचा, गाडी थांबायची, निघायची. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा बारीक होत होत दिसेनासा झाला, की अण्णा ऑफिसच्या दारात येऊन हात वर करायचे. तो हात दिसल्याशिवाय आमच्याकडे काडी ओढायची नाही.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, असिस्टंट स्टेशन मास्तर होते. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत पुढे हैदराबादकडे जाणारी जुनी मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, निजामाच्या काळात घातलेली. तिच्यावर रोटेगाव आणि लासूर यांच्या मधल्या पट्ट्यातलं एक लहानसं स्टेशन आमचं. दगडी ऑफिस, समोर कडुनिंब, चार-पाच क्वार्टर आणि पलीकडे बाजरी-कापसाची रानं. गाव दीड मैलावर. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी गावातले बार ऐकू यायचे आणि भावाचा जीव खालीवर व्हायचा. गावातल्या पोरांना कोणी थांबवत नव्हतं. आम्हाला थांबावं लागायचं, कारण रेल्वेचेही फटाके असतात.

हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गार्ड, गेटमन, गँगमन, स्टेशन मास्तर, सगळ्यांकडे डब्यात मोजून ठेवलेले फटाके असायचे. पत्र्याची चपटी गोल डबी, तळहातात मावणारी, दोन बाजूंना मऊ पट्ट्या. डबी रुळाच्या माथ्यावर ठेवायची, पट्ट्या खाली वळवून घट्ट बसवायची. इंजिनाचं चाक तिच्यावरून गेलं, की असा आवाज होतो, की भट्टीच्या घरघरीतही ड्रायव्हरला ऐकू जावा. रूळ तुटलाय, पुढे गाडी अडकलीय, पुराने भराव वाहून गेलाय, असं काही झालं, की लाल झेंडी किंवा बत्ती घेऊन धावायचं आणि फटाके लावायचे. मीटर गेजवर अडथळ्यापासून ४०० मीटरवर एक, ८०० मीटरवर तीन, ते तीन एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. रुंद रुळांच्या ब्रॉड गेजवर गाडी जड आणि वेग जास्त, म्हणून ६०० आणि १२०० मीटर. हे आकडे मी शाळेत शिकले नाही. अण्णा खात्याच्या परीक्षेसाठी मोठ्याने पाठ करायचे, ते ऐकून मला पाढ्यांच्या आधी आले.

भावाने एकदा हट्ट धरला, की आपले फटाके त्या गाडीच्या ड्रायव्हरला ऐकू आले तर काय बिघडेल, त्यालाही दिवाळी आहेच की. अण्णांनी त्याला जवळ घेऊन समजावलं होतं. म्हणाले, "फटाका ऐकला की त्याने थांबायचं, एवढंच त्याला माहीत. आज तो तुझ्या माळेला थांबला तर गाडी उगाच खोळंबेल, ते एक परवडलं. पण दिवाळी आहे म्हणून त्याने कानाआड केलं आणि तशी सवय पडली, तर खरा वाजेल तेव्हा तो थांबेल का?" मी तेव्हा नऊ वर्षांची होते. इतकं नेमकं उत्तर मला नंतर फार कमी लोकांकडून मिळालं.

आकाशकंदिलाचं तसंच. बाजारातल्या कंदिलांना लाल-हिरवा कागद असायचाच. आमच्याकडे ते दोन रंग वर्ज्य होते. क्वार्टर रुळाच्या कडेला, रात्री ओट्यावर लाल किंवा हिरवा उजेड टांगलेला असणं अण्णांना चालायचं नाही. सिग्नलचे दिवे तेव्हा रॉकेलचे. संध्याकाळी माणूस खांबावर चढून दिवा ठेवायचा, त्याच्यापुढे लाल-हिरव्या काचा. असा कितीसा उजेड असणार त्यांचा? पावसाळी रात्री ड्रायव्हर डोळे ताणून तो ठिपका शोधत यायचा. त्याच्या वाटेत आपला एक ठिपका आपण कशाला टाकायचा, असं अण्णांचं म्हणणं. म्हणून आई पांढऱ्या पतंगी कागदाचा कंदील करायची, पिवळ्या झिरमिळ्या लावायची आणि तोही मागच्या दारी, न्हाणीजवळ टांगायची. लाल कंदिलासाठी मी एका दिवाळीत रडले होते, हे मला लख्ख आठवतं. पुढे मुंबईला पंधराव्या मजल्यावर आल्यावर पहिल्या वर्षी मी मुद्दाम लालभडक कंदील आणला. लावला, आणि दोन दिवसांनी काढून पांढरा लावला. सवय अशी लागते.

स्टेशनात मास्तर तीन, पाळ्या तीन. रात्री बारा ते सकाळी आठ, आठ ते चार, चार ते बारा. रात्री बाराच्या ठोक्याला ट्रेन रजिस्टरमध्ये एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवी तारीख घालायची. दसरा, दिवाळी, ईद, नाताळ, सगळ्या तारखा त्या रेघेखाली एकाच शाईत लिहिलेल्या. रजिस्टरात गाडीचा नंबर, लाइन क्लिअर (गाडी सोडायला परवानगी) दिल्याची वेळ, गाडी आल्याची, गेल्याची. सण लिहायला रकाना नाही. सुट्टीच्या दिवशी काम केलं, की नॅशनल हॉलिडे अलाउन्स म्हणून थोडे पैसे मिळायचे. आई ते वेगळ्या डबीत ठेवायची, पण त्याला सणाचे पैसे म्हणायची नाही. डबीतले पैसे वह्यांना जायचे.

रजा मागितली तर मिळत नव्हती असं नाही. पण मास्तर रजेवर जायचा तर त्याच्या जागी रिलीव्हर यायला हवा, आणि सणाच्या दिवसांत रिलीव्हर सगळ्याच स्टेशनांना हवा असायचा. शिवाय गाड्या त्याच दिवसांत जास्त. दसऱ्याला नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणारे यात्रेकरू मनमाडला ब्रॉड गेजवरून उतरून आमच्या लाइनीवर यायचे, दिवाळीला मुंबई-नाशिककडे कामाला गेलेली माणसं परत यायची, भाऊबिजेला बाया माहेरी निघायच्या. घरी पोचणाऱ्या त्या सगळ्या माणसांसाठी कोणीतरी घरी नसायचं. त्यात आमचे अण्णा असायचे. मला याचा तेव्हा राग यायचा, आता अभिमान वाटतो. तेव्हाचा राग खोटा होता, असं मात्र मला म्हणायचं नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या घरांत वडील असतात आणि आपल्या घरात नाहीत, हे लहान पोराला खुपणारच.

त्या पहाटेवर आजीने तोडगा काढला होता. सूर्य उगवायच्या आत अभ्यंग झालं पाहिजे, नाहीतर नरकात जावं लागतं, असं ती मानायची. अण्णांची रात्रपाळी सुटायची आठला. मग आजी साडेपाचला मला उठवायची, वाटीत तेल द्यायची आणि म्हणायची, "जा, त्याच्या टाळूला बोट लावून ये. तेल लागलं म्हणजे झालं." अंधारात रुळाच्या कडेने वाटी सांभाळत मी ऑफिसात जायचे. अण्णा टोपी काढून मान खाली करायचे. मी तेलाचं बोट लावायचे. ते म्हणायचे, "आईला सांग, झालं." मग आठ वाजता ते आले, की बंबातलं पाणी तयार. बंबात आम्ही इंजिनातून पडलेले अर्धवट जळलेले कोळसे घालायचो, चांगले धगधगायचे. न्हाऊन झाल्यावर पायाखाली कारीट फोडायचं आणि आजीचा जीव भांड्यात पडायचा.

मास्तरला निदान डोक्यावर छप्पर होतं. चाबीवाल्याला तेही नव्हतं. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून तो रोज आपला पट्टा पायी तपासायचा. रूळ पकडून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकायची, बोल्ट आवळायचा, तडा दिसला तर बसायचं तिथेच, झेंडी लावून. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही त्याची सकाळ तशीच सुरू व्हायची. आमच्या क्वार्टरसमोरून तो जायचा तेव्हा आई कागदात दोन करंज्या आणि चिवडा बांधून ठेवायची. तो हातोडा खाली न ठेवता डाव्या हाताने पुडी घ्यायचा. "वैनी, परतताना खातो," म्हणायचा. पुढच्या गँगच्या माणसाशी गाठ पडली, की त्याच्यासोबत खायचा, असं त्यानेच एकदा सांगितलं. दिवाळी म्हटलं की घरातल्या दिव्यांच्या आधी मला हा माणूस आठवतो. त्याच्या चालण्याची कोणी कुठे नोंद केली असेल, असं वाटत नाही. त्याने ठोकलेल्या चाव्यांवरून मात्र शेकडो माणसं फराळाला घरी पोचली.

फराळही आमच्याकडे गाडीने जायचा. आई पितळी डब्यात लाडू-चकल्या भरायची, अण्णा तो मालगाडीच्या गार्डकडे द्यायचे आणि तो पुढच्या स्टेशनात उतरवून घेतला जायचा. दोन-चार दिवसांनी डबा उलट दिशेच्या गाडीने परत यायचा. रिकामा कधी नाही. एकदा त्यात नुसतीच साखर होती, वर कागदावर लिहिलेलं, "घरी आजारपण आहे, वैनींनी राग मानू नये."

सण सांभाळायचा एकच मार्ग होता, पाळ्यांची अदलाबदल. आमच्या स्टेशनातले दुसरे मास्तर तेलुगू. दक्षिण मध्य रेल्वे १९६६ साली झाली, तिचं मुख्यालय सिकंदराबाद, आणि आमच्या लाइनीवर तेलुगू माणसं पुष्कळ. सगळे त्यांना नावापुढे मानाने 'गारू' म्हणायचे म्हणून आम्ही पोरं नुसतंच गारू म्हणायचो. तिसरे मास्तर जालन्याचे, ते आमचे चाचा. चाचा दिवाळीत अण्णांची पाळी घ्यायचे, अण्णा ईदेला त्यांची. गारूंना संक्रांत हवी असायची, ती आम्ही सोडायचो. अडचण यायची गुढीपाडव्याला, कारण त्याच दिवशी त्यांचा उगादी. दोन्ही घरी कडुलिंब, दोन्ही घरी गूळ, दोन्ही घरी माणूस हवा. चाचा त्या दिवशी सोळा तास बसायचे. दुपारी दोन्ही घरची ताटं ऑफिसात जायची. एकात पुरणपोळी, दुसऱ्यात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणि वाटीत आंबट-गोड-कडू पचडी. चाचा कडुलिंबाचं तोंड न करता दोन्ही खायचे.

१९७२ साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या. लक्ष्मीपूजन ५ नोव्हेंबरला, ईद त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. पुढच्या वर्षीही तसंच झालं. पण ७२ चं मनात राहिलं ते दुष्काळामुळे. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता. स्टेशनापलीकडच्या रानात बाजरी गुडघ्याएवढी होऊन वाळून गेली होती. गावातले लोक खडी फोडायला दुष्काळी कामांवर जाऊ लागले होते. पुढच्या उन्हाळ्यात राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, शाळेत सुकडी. धान्य यायचं ते रेल्वेने. मनमाडला ब्रॉड गेजच्या मोठ्या वाघिणींतून पोती उतरवायची, हमालांनी पाठीवरून मीटर गेजच्या लहान वाघिणींत भरायची, आणि मग त्या गाड्या आमच्याकडे. कुठलीही मालगाडी कधीही यायची. गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा फोन सारखा वाजत असायचा. त्या दिवाळीत फटाक्यांसाठी अण्णांचा हात फार थोडा वेळ वर झाला. भावानेही हट्ट केला नाही. गावातूनही त्या वर्षी आवाज आले नाहीत.

चाचांनी लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ घेतली. अण्णा घरी होते, पाटावर बसले, झाडणीची पूजा केली. मुहूर्ताची वेळ विचारायला दरवर्षी गावातली दोन-तीन माणसं स्टेशनात यायची, कारण रोज दुपारी चारला कंट्रोलवरून सगळ्या स्टेशनांना वेळ मिळायची आणि घड्याळ लावलं जायचं. पंचक्रोशीत खरी वेळ म्हणजे स्टेशनची. ती माणसं त्याही वर्षी आली होती. आता परतफेड करायची होती. ईदेला चाचा जालन्याला घरी असायला हवेत, म्हणून अण्णांनी भाऊबिजेची स्वतःची पाळी धरून पुढे त्यांचीही घेतली. म्हणजे भाऊबिजेला अण्णा लासूरला आत्याकडे जाऊ शकणार नव्हते. तसा निरोप गार्डाकरवी गेला. संध्याकाळी पॅसेंजर आली आणि दुसऱ्या डब्यातून आत्या उतरली, हातात फडक्यात बांधलेलं ताम्हण.

तिने सगळं गणित करून ठेवलं होतं. लासूरकडून मनमाडला जाणारी पॅसेंजर आणि मनमाडकडून येणारी पॅसेंजर यांचं क्रॉसिंग, म्हणजे एकमेकींना ओलांडणं, त्या दिवसांत आमच्या स्टेशनात व्हायचं. पहिली लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, येऊन उभी राहायची, दुसरी यायला पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात ओवाळायचं आणि दुसरीने परत लासूर. घरी तिची लहान मुलं होती.

गाड्यांचं क्रॉसिंग म्हणजे मास्तरच्या डोक्याला सगळ्यात जास्त काम, हे इथे सांगायला हवं. लाइन एकेरी. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, आणि याची हमी म्हणजे एक पोलादी गोळा. ऑफिसात दोन्ही बाजूंच्या स्टेशनांसाठी एकेक यंत्र, नील्स बॉल टोकन नावाचं. पलीकडच्या मास्तरने तिकडून कबुली दिली तरच इकडे मूठ फिरायची आणि गोळा बाहेर पडायचा. एक गोळा बाहेर असला, की दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरा निघायचा नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारा माणूस, ते कडं उंच धरायचा आणि फायरमन त्यात हात घालून उचलायचा. गोळा हाती नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. आणि आलेला गोळा यंत्रात परत टाकेपर्यंत मागची लाइन मोकळी होणार नाही. क्रॉसिंगला दोन गोळे यायचे आणि दोन जायचे. यात चूक झाली तर काय होतं, ते कोणी बोलत नसे.

आत्याने प्लॅटफॉर्मवरच निरांजन लावलं. वाऱ्याने ते विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. पॉइंट्समन धावत आपली हातबत्ती घेऊन आला, म्हणाला, "ताई, ही घ्या, पांढरी काच करून देतो, हिनं ओवाळा." अण्णा आतून ओरडले, "बत्ती हलवू नका!" रात्रीच्या वेळी पांढरा दिवा जोरात आडवा हलवला, तर ड्रायव्हरसाठी तो थांबण्याचा इशारा असतो. पॉइंट्समनने जीभ चावली. शेवटी आत्या ताम्हण घेऊन ऑफिसातच आली. एका बाजूला लासूरचं यंत्र, दुसऱ्या बाजूला मनमाडकडचं, मधे टेबल आणि उघडं रजिस्टर. अण्णा खुर्चीतून उठून पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. मी दारात.

आत्याने कुंकू ओलं करून कपाळी लावलं, वर अक्षता चिकटवल्या. सुपारी आणि सोन्याची अंगठी ताम्हणात होती, ती ओवाळायला घेतली. आणि यंत्राची घंटा वाजली.

अण्णांनी एक हात वर केला, अगदी तोच, जो आम्हाला फटाक्यांसाठी दिसायचा. पण या वेळी त्याचा अर्थ थांब असा होता. आत्या ताम्हण हातात धरून जागच्या जागी थांबली. निरांजनाची ज्योत तिच्या हनुवटीखाली हलत होती. अण्णांनी घंटेला घंटेने उत्तर दिलं. फोनवर गाडीचा नंबर म्हटला, ऐकला, पुन्हा म्हटला. मूठ फिरवली. कपाळावरून कुंकवाचा थेंब नाकावर ओघळत होता तो अंगठ्याने पुसला, टाक उचलला आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, १८.४०. मग ते परत आले, त्याच जागी उभे राहिले, आणि आत्याने जिथे सोडलं होतं तिथून पुढे ओवाळायला सुरुवात केली. एक शब्द कोणी बोललं नाही. ओवाळणीत अण्णांनी पाच रुपयांची नोट घातली. आत्याने त्यांच्या तोंडात अनारशाचा तुकडा दिला. तो चावत चावतच ते बाहेर गेले, कारण मनमाडकडच्या गाडीचा उजेड दिसायला लागला होता.

पुढची दहा मिनिटं मी अण्णांना फक्त पाठमोरं पाहिलं. गाडी आली, गोळा आला, यंत्रात गेला, दुसरा निघाला, कडी बदलली. कपाळावर कुंकू तसंच. आत्या तिसऱ्या डब्याच्या खिडकीत बसली होती. गाडी हलली तेव्हा अण्णा हिरवी बत्ती धरून उभे होते, त्यांना हात हलवता येत नव्हता. आत्यानेच हलवला.

रात्री जेवणाचा डबा घेऊन मी परत ऑफिसात गेले, तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडून दिव्याखाली धरलं होतं. १८.४० च्या पुढे, रकान्याची रेघ ओलांडून, अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, डाग चालत नाही. त्यांनी खडू लावून बघितला, टीपकागद लावून बघितला. मग सोडून दिलं आणि शेरा लिहिण्याच्या जागी काहीच लिहिलं नाही. काही आठवड्यांनी ट्रॅफिक इन्स्पेक्टर तपासणीला आले. ते पान आल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "ये क्या लगा है, मास्टर?" अण्णा म्हणाले, "कुंकू, साहब. भाईदूज थी." इन्स्पेक्टरांनी वेळा पडताळल्या. वरची ओळ, खालची ओळ, दोन्ही गाड्यांचे नंबर. सगळं जुळत होतं. त्यांनी ठशाच्या बाजूला बारीक अक्षरात सही केली आणि पान उलटलं. हे अण्णांनी घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज जरा कापत होता.

पुढे १९७४ चा मे महिना आला. देशभरचा रेल्वे संप, ८ तारखेपासून २७ पर्यंत, पुढारी जॉर्ज फर्नांडिस. मागण्यांत आठ तासांचं काम होतं, बोनस होता. त्या दिवसांत रूळ इतके शांत होते, की रात्री झोप लागायची नाही. अण्णा त्याबद्दल नंतर फारसं बोलले नाहीत. बोनस सुरू झाला तो १९७९-८० पासून, दसऱ्याच्या तोंडावर हातात यायचा. पहिल्या बोनसमधून आईने पितळेच्या दोन समया घेतल्या. तोवर आमची बदली होऊन गेली होती, अण्णांची पाळी तिथेही बाराला सुरू व्हायची.

आता त्या मार्गावरून मी तपोवन एक्सप्रेसने जाते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉड गेज झालं, अलीकडे वर विजेच्या ताराही आल्या. आमच्या स्टेशनात तपोवन थांबत नाही. खिडकीतून अर्धं मिनिट कडुनिंब दिसतो, क्वार्टर दिसत नाहीत. गेल्या दिवाळीत प्लॅटफॉर्मवर एक तरुण मास्तर झेंडी घेऊन उभा दिसला. मी खिडकीतून हात हलवला. त्याने बघितलं असेल किंवा नसेल, त्याचं लक्ष गाडीच्या चाकांकडे होतं, आणि ते तसंच असायला हवं.

गोळ्यांची यंत्रं गेली. गेज बदललं तेव्हा जुनी रजिस्टरं पोत्यांत भरून रद्दीत गेल्याचं चाचांनी सांगितलं होतं. ठरावीक वर्षं झाली, की ती तशीही मोडीत काढतात. अण्णांच्या हातच्या किती पानांवर किती दिवाळ्या होत्या, ते कोणाला सांगता येणार नाही. त्यातल्या एका पानावर १८.४० च्या पुढे लाल ठसा होता आणि शेजारी इन्स्पेक्टरची सही. ठसा अर्धाच उमटला होता, अंगठ्याची डावी बाजू.